परळचा यीस्टअर्क आणि मेंदूतील लिम्फोमा

मेंदूतील लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा मेंदूतच उद्भवणारा कर्करोग, यावरील उपचारांचा इतिहास सांगताना, टाटा कर्करोग रुग्णालयासाठी रुग्ण मुंबईतील ज्या परळची वाट धरत आले तेथूनच आरंभ करणे सयुक्तिक ठरते. कारण तेथील हाफकिन संस्थेत काम केलेल्या लूसी विल्स यांनी मुंबईतील गरोदर गिरणी-कामगार स्त्रियांचा रक्तक्षय अभ्यासून, 'मार्माइट' हा स्वस्त यीस्टअर्क त्यावर गुणकारी असल्याचे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला आणि पेशीविभाजनास आवश्यक अशा या जीवनसत्त्वाचे कार्य रोखणारी औषधे अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने घडविली, मेथोट्रेक्सेट त्यांपैकीच. मेंदूतील लिम्फोमावर रक्त व मेंदू यांमधील संरक्षक पडदा ओलांडण्यासाठी मेथोट्रेक्सेट शिरेवाटे फार मोठ्या मात्रेत द्यावे लागते आणि निरोगी पेशी वाचविण्यासाठी सुमारे चोवीस तासांनी फॉलिनिक आम्ल, म्हणजे विल्स यांच्याच घटकाचे एक रूप, सुरू करतात. या उपचाराच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत अवघे ७९ रुग्ण होते (दुर्मीळ आजारात तेवढे जमणेही सोपे नव्हे). मेथोट्रेक्सेटला सायटॅराबिन या दुसऱ्या कर्करोगविरोधी औषधाची जोड मिळालेल्या गटात पूर्ण प्रतिसादाचे प्रमाण, केवळ मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या गटातील १८ टक्क्यांच्या तुलनेत, ४६ टक्के आढळले, मात्र विषारी दुष्परिणामही वाढले.