शाही हमाम, बऱ्हाणपूर

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर शहरात, तापी नदीच्या उजव्या तीरावरील बादशाही किल्ल्यात असलेले मोगलकालीन राजस्नानगृह. बऱ्हाणपूर आज महाराष्ट्राच्या सीमेबाहेर असले, तरी खानदेशच्या फारुकी सुलतानांची ती राजधानी होती व पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणेही तेथेच राहिले. यावल, फैजपूर, सावदा आणि रावेर या गावांवरून जाणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता पूर्व खानदेशाला या जुन्या राजधानीशी आजही जोडतो.

नसीरखान फारुकी याने सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने हे शहर वसविले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर फारुकी सत्ता संपली आणि दख्खनच्या मोहिमांचा तळ म्हणून बऱ्हाणपुरात शाहजादे व सरदार यांचा राबता वाढला. हमाम, म्हणजे गरम व थंड पाण्याची सोय असलेले बंदिस्त स्नानगृह, ही इराण व मध्य आशियातून आलेली पद्धत मोगल राजवाड्यांत रूढ होती. येथील हमामाच्या मधोमध अष्टकोनी हौद असून वरच्या घुमटाकार छतावर वेलबुट्टीचे रंगकाम आहे. त्याचे रंग बऱ्याच ठिकाणी उडाले असले, तरी उरलेल्या भागावरून मूळच्या कारागिरीची कल्पना येते. शाहजहानने तो मुमताज महलसाठी बांधविला, अशी परंपरा आहे.

या वास्तूचे खरे महत्त्व मात्र तिच्या पाण्यात आहे. तुलनेसाठी पाहायचे तर, ख्मेर राजांनी कंबोडियातील अंगकोर येथे दहाव्या शतकात बांधलेले व जयवर्मन सातवा याने नंतर सुधारलेले स्रह स्रांग हे राजस्नानाचे तळे सुमारे ७०० मीटर लांब आणि ३५० मीटर रुंद, म्हणजे उघड्यावर पसरलेले आहे. बऱ्हाणपूरचा जलसाठा याउलट जमिनीच्या पोटात आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचे जाड थर असून डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी त्यांत मुरते व जमिनीखालून तापीकडे सरकते. अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, हे पाणी वाटेतच अडवून भुयारी मार्गाने शहराकडे वळविण्यात आले. इराणातील कनात पद्धतीच्या या योजनेतला कुंडी भंडारा, ज्याला खुनी भंडारा असेही म्हणतात, सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यात विहिरीसारख्या शंभरावर कुंड्या ठरावीक अंतराने खोदून तळाशी भुयाराने जोडलेल्या आहेत. भुयाराला बेताचा उतार दिल्यामुळे मोट वा रहाट न लावता पाणी आपल्या ओढीनेच पुढे जाते. तेथून ते नळांवाटे राजवाड्यात, हमामात आणि शहरवस्तीतही पोहोचत असे, हा या योजनेचा मोठाच गुण मानला पाहिजे.

खानजहान लोदीचे बंड मोडण्यासाठी शाहजहान १६३० पासून बऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल येथेच बाळंतपणात मरण पावली. तिचा देह तापीपलीकडील जैनाबादच्या बागेत तात्पुरता दफन करून त्याच वर्षाच्या अखेरीस आग्र्यास नेण्यात आला. त्याच काळात खानदेश, गुजरात व दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. बादशहाने शहरात लंगर, म्हणजे अन्नछत्रे, उघडली आणि दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटले. दुष्काळाच्या व्याप्तीपुढे ही मदत तोकडी होती, आणि हमामाचे वैभव सांगताना भोवतीच्या मुलखाची ही दैना वगळणे न्याय्य ठरणार नाही.

१७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर शहर पेशव्यांकडे, पुढे शिंद्यांकडे आणि १८६० मध्ये इंग्रजांकडे गेले. राजवाड्याचा बराच भाग ढासळला असला, तरी हमाम टिकून आहे, आणि कुंडी भंडाऱ्यातून अद्यापही पाणी वाहते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत खुनी भंडाऱ्याचा समावेश झाला. फैजपूर-रावेर पट्ट्यातील केळीच्या बागाही पायथ्याच्या अशाच थरांतील भूजलावर उभ्या आहेत. कूपनलिकांच्या उपशाने तेथील पाणी खोल गेल्यामुळे पुनर्भरणाच्या योजना आखताना बऱ्हाणपूरच्या या भुयारांचा अभ्यास विशेष उपयोगी आहे.