तीन रकान्यांवर एक मथळा : साध्या मजकुरातील तक्त्यांचा इतिहास

तक्त्याचा मथळा तीन रकान्यांवर पसरावा आणि बरोबर मध्यभागी यावा, एवढीच अपेक्षा. परंतु ज्या संपादकात अक्षरांखेरीज काहीच उपलब्ध नाही, तिथे ती पुरी करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या युक्त्या लढवाव्या लागल्या.

टंकलेखनयंत्रावर हे काम हिशेबाने चाले. कॅरेज मध्यबिंदूवर आणायचे, मथळ्याच्या दर दोन अक्षरांमागे एकदा बॅकस्पेस दाबायचे आणि मग टंकन सुरू करायचे. टंकलेखन संस्थांत 'स्टेटमेंट'चा सराव केलेल्यांना ही आकडेमोड पाठ असे. शेवटच्या घटकेला एखादा आकडा बदलला, की बहुधा सारे पान नव्याने!

१९७० च्या दशकात न्यू जर्सीतील बेल लॅब्जमध्ये युनिक्स प्रणाली आकार घेत होती. तिच्या आरंभीच्या वापरकर्त्यांत संस्थेचाच पेटंट विभाग होता. म्हणजे दस्तऐवज नीटनेटके छापणे ही तिथली रोजची निकड. तेथील माईक लेस्क यांनी 'टीबीएल' हा कार्यक्रम लिहिला. त्याचे वर्णन करणारा अहवाल १९७६ चा आहे.

लेस्क यांची कल्पना अशी : तक्ता रेखाटू नये, त्याचे वर्णन करावे. प्रत्येक रकान्यासाठी एक रोमन अक्षर. 'सी' म्हणजे मजकूर मध्यभागी, 'एल' म्हणजे डावीकडे, 'एन' म्हणजे आकडे दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह येईल असे. आणि 'एस' म्हणजे डावीकडचाच कप्पा इथवर पसरला आहे. म्हणून 'सी एस एस' एवढे लिहिले की एकच मथळा तीन रकान्यांच्या मध्यावर. उभ्या विलीनीकरणासाठी ^ हे चिन्ह. रुंदी मोजण्याचे कष्ट यंत्राचे. किंमत एकच : छापून येईपर्यंत मूळ मजकूर तक्त्यासारखा दिसतच नसे.

दुसऱ्या पंथाने नेमके उलट केले. ताकाआकी ओता यांचे 'टेबल.एल' (ईमॅक्सच्या २२ व्या आवृत्तीत, २००७ मध्ये समाविष्ट) आणि डेव्हिड गुडजर यांचे 'रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट' यांत +, - आणि | या चिन्हांच्या भिंती उभारल्या जातात. मधली भिंत नाही, म्हणजे कप्पे एक झाले! पद्धत देखणी खरी, पण प्रत्येक अक्षराची रुंदी सारखीच असेल या भरवशावर ती उभी आहे. देवनागरीत तो भरवसा कोसळतो. 'क्षि' संगणकाच्या लेखी चार संकेतांचा, वाचकाच्या लेखी एकच अक्षर. मग भिंती वाकड्या होणारच.

दरम्यान मे १९९६ मध्ये डेव्ह रॅगेट यांच्या 'आरएफसी १९४२' ने वेबपृष्ठांतील तक्त्यांना 'कोलस्पॅन' आणि 'रोस्पॅन' हे गुणधर्म दिले. प्रश्न सुटला, पण खुणांच्या गर्दीत मजकूर हरवला. त्या गर्दीला कंटाळूनच २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांचे 'मार्कडाउन' आले. त्यात मात्र तक्ताच नव्हता. हवा असेल तर एचटीएमएल लिहा, असा मार्ग.

पुढे इतरांनी उभ्या रेघांचा तक्ता त्यात आणला. गिटहबच्या बोलीत :---: लिहिले की रकाना मध्यभागी येतो. कप्पे जोडण्याची सोय मात्र तिथे नाही. 'मल्टीमार्कडाउन'ने ती लागोपाठच्या रेघांनी दिली, ती सर्वत्र रुजली नाही. १९७६ मध्ये एका अक्षराने साधलेल्या गोष्टीसाठी आज पुन्हा 'कोलस्पॅन'कडे वळावे लागते.

टीबीएल मात्र निवृत्त झालेले नाही. लिनक्सच्या अनेक मदतपानांतील तक्ते आजही त्याच अक्षरांनी बांधलेले असतात.