वालुकाश्म (तेलधारी)

वाळूचे कण साचून, वरच्या थरांच्या भाराखाली दाबले जाऊन आणि एकमेकांना चिकटून झालेला गाळाचा खडक. कणांचा व्यास एक-सोळांश ते दोन मिलिमीटर. कणांमधल्या मोकळ्या जागेत पाणी, खनिज तेल किंवा नैसर्गिक वायू राहू शकतो आणि विहीर तिथवर पोहोचली की बाहेर येऊ शकतो. असा वालुकाश्म तेलाचा ‘साठा-खडक’ ठरतो. तेल त्यात तयार होत नाही. ते बहुधा शेजारच्या वा खालच्या सेंद्रिय द्रव्याने समृद्ध शेलमध्ये उष्णतेने तयार होते, पाण्यापेक्षा हलके असल्याने वर सरकते आणि वालुकाश्मात शिरून थबकते. तेही माथ्यावर अपार्य (द्रव आरपार जाऊ न देणाऱ्या) खडकाचे झाकण असेल आणि थरांना घुमट, घडी किंवा विभंग असा काही आडोसा असेल तरच. एरवी ते थेट जमिनीवर येऊन वाया जाते.

पुण्याच्या नारायण पेठेत बसून या खडकाची नोंद लिहिणाऱ्याची पंचाईत अशी की नमुना दाखवायला तो आसपास नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलेले नसले की भिडे पुलाजवळ मुठेच्या पात्रात उघडा पडतो तो कातळ बेसाल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. जुन्या वाड्यांची जोती त्याच काळ्या दगडाची, पाटा-वरवंटाही त्याचाच, आणि माजघरातली शहाबादी फरशी चुनखडकाची. ‘विहीर’ या शब्दानेही पुणेकराची थोडी दिशाभूल होते. वाड्यातला आड खणताना पाणी लागायचे ते ‘झरा’ लागला म्हणून, म्हणजे कातळाची भेग किंवा दोन लाव्ह्यांमधला मऊ पट्टा सापडला म्हणून. तेलाच्या विहिरीचे चित्र आपण याच नमुन्यावर काढतो. जमिनीखाली कुठेतरी तेलाचे तळे आहे किंवा झरा आहे, अशी समजूत. वालुकाश्मात यातले काहीच नसते. सगळा खडकच भिजलेला असतो.

स्वयंपाकघरात हे पाहता येते. पेला ज्वारीने शिगोशीग भरावा आणि वरून पाणी ओतावे. पेला भरलेला असूनही बरेच पाणी आत मावते. एकसारख्या गोल कणांची रचना सर्वांत सैल असेल तर एकूण जागेपैकी सुमारे ४८ टक्के, सर्वांत घट्ट असेल तर सुमारे २६ टक्के जागा रिकामी राहते. कण मोठे की बारीक याने या प्रमाणात फरक पडत नाही. मोहरी घेतली तरी हिशेब तोच. मात्र ज्वारीत रवा मिसळला की रवा फटींत बसतो आणि जागा झपाट्याने घटते. म्हणूनच लाटांनी वा प्रवाहाने नीट निवडलेली, एकाच आकाराची वाळू भूवैज्ञानिकाला प्रिय. निसर्गात पुढे कण दाबले जातात, त्यांच्यामध्ये सिलिका, कॅल्साइट किंवा चिकणमाती भरते, आणि चांगल्या तेलधारी वालुकाश्मात १५ ते ३० टक्के जागा उरते. तिला सच्छिद्रता म्हणतात.

सच्छिद्रता असली म्हणजे काम झाले असे नाही, आणि इथे बेसाल्ट कामाला येतो. पुण्याच्या परिसरातल्या कातळाचा मोठा भाग भोकाभोकांचा आहे; लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ती भोके. पुढे त्यांत झिओलाइटांसारखी खनिजे वाढली. वाघोलीच्या दगडखाणींतला निळा कॅव्हन्साइट जगभरच्या खनिजसंग्राहकांना ठाऊक आहे, तो अशाच पोकळ्यांतला. पण एक बुडबुडा दुसऱ्याला सहसा जोडलेला नसतो. भोके आहेत, वाट नाही. वालुकाश्मात कणांमधल्या फटी अरुंद असल्या तरी एकमेकींत उघडतात. या गुणाला पार्यता म्हणतात. तिचे एकक ‘डार्सी’ हे आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याच्या नावावरून आले. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा विचार करताना त्याने वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने जाते हे मोजले आणि १८५६ साली त्याचा नियम प्रसिद्ध केला. तेलाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पार्यतेला मात्र कणांच्या आकाराने फरक पडतो: पाणी ज्वारीतून सरसर उतरते, मोहरीतून सावकाश, रव्यात अडून बसते.

साठा-खडक चांगला होणार की नाही हे पुष्कळदा वाळू कुठल्या डोंगरातून आली यावर ठरते. ग्रॅनाइट झिजला की क्वार्ट्‌झचे टणक कण उरतात. बेसाल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळपास नसतेच. तो कुजून मुख्यतः चिकणमाती होतो (देशावरची काळी जमीन ही त्याचीच देणगी), आणि त्याच्या वाळूतले कण गाडले गेल्यावर लवकर बदलून फटी बुजवतात. ज्वारीला पोसणारी माती तेलाला पोसत नाही.

महाराष्ट्राच्या समोरच्या समुद्रातील मुंबई द्रोणीत वालुकाश्माचे महत्त्वाचे साठे उत्तरेकडे, तापी-दमण भागात आहेत. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी, ऑलिगोसीन काळात म्हणजे साधारण ३.४ ते २.३ कोटी वर्षांपूर्वी, ईशान्येकडून येणाऱ्या प्राचीन नर्मदा-तापी नद्यांनी तिथे गाळ ओतला. भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी तो चाळून घेतला. माहुवा आणि दमण या शैलसमूहांतले वालुकाश्म ते हेच. मध्य तापी आणि दक्षिण तापी ही वायुक्षेत्रे त्यांवर उभी राहिली. १९९४ साली ती ओएनजीसी, रिलायन्स व एन्रॉन यांच्याकडे संयुक्तपणे गेली. एन्रॉनचा वाटा पुढे ब्रिटिश गॅसने घेतला. मराठी वाचकाला एन्रॉन म्हटले की दाभोळचा वीजप्रकल्पच आठवतो. समुद्रातला हा दुसरा अध्याय फारसा कोणाच्या ध्यानात नाही.

मुंबई हाय मात्र या नोंदीत बसत नाही, आणि गैरसमज तिथेच सर्वांत जास्त. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या वेधन-मंचाने शोधलेल्या आणि १९७६ पासून तेल देणाऱ्या या क्षेत्राचा मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. त्यातली जागा बऱ्याच अंशी चुना पाण्यात विरघळून झालेली, म्हणून लहरी: एका विहिरीत उत्तम, शेजारी कमी. वालुकाश्म त्या मानाने सरळ स्वभावाचा खडक आहे. जगात दोन्ही चालतात. सौदी अरेबियातले घवार चुनखडकात, तर १९३८ साली सापडलेले कुवेतचे बुरगान वालुकाश्मात.

भारतातले पहिले व्यापारी तेल वालुकाश्मातलेच: आसामातील दिगबोई, १८८९, तिपाम वालुकाश्म. खंभातजवळ लुणेज येथे १९५८ साली तेल लागले तेव्हा तो मुलूख द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. अंकलेश्वरचे तेल १९६० मधले, राज्य दुभंगले त्याच वर्षीचे. तिथला साठा इओसीन काळातल्या त्रिभुज प्रदेशाच्या वाळूत आहे आणि पहिल्या विहिरीला पंडित नेहरूंनी ‘वसुधारा’ नाव दिले. राजस्थानात बाडमेर द्रोणीतले मंगला क्षेत्र २००४ साली सापडले. तिथला फतेहगढ वालुकाश्म सच्छिद्र आणि फार पार्य आहे, पण तेल इतके मेणचट की ते थिजू नये म्हणून गुजरातकडे जाणारी नळवाहिनी तापवत ठेवावी लागते. खडक उत्तम असूनही द्रव आडमुठा निघाला, त्याचे हे उदाहरण.

वालुकाश्माची पारख होते ती गाभ्यावरून. विहिरीतून काढलेला गाभा म्हणजे मनगटापेक्षा जाड दंडगोल. तेलधारी असेल तर तपकिरी, रॉकेलसारख्या वासाचा, आणि जंबुपार दिव्याखाली पिवळट चमकणारा. कोरड्या, तेल नसलेल्या चांगल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो पाहता पाहता शोषला जातो. बेसाल्टच्या अखंड तुकड्यावर तसाच बसून राहतो. पुढे वालुकाश्माच्या फटींत निळा रंग घातलेली राळ दाबून भरतात आणि कागदापेक्षा पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. पांढरट कणांमध्ये निळे धागे दिसतात. निळे ते रिकामे. धागे एकमेकांना मिळालेले असले तर तज्ज्ञाची कळी खुलते; कणांच्या कडेने चिकणमातीची झालर दिसली की कपाळावर आठ्या येतात, कारण काही माती गोड्या पाण्याने फुगते आणि विहिरीत नको ते पाणी गेले तर वाटा बुजतात.

साठ्यातले सगळे तेल कधीच निघत नाही. बहुतेक वालुकाश्मांत कणांना पाण्याची पातळ साय लागलेली असते आणि तेल फटीच्या मध्यभागी असते. मागून पाणी रेटले की तेलाचा धागा अरुंद जागी तुटतो आणि थेंब अडकून पडतात. सर्वसाधारण क्षेत्रातून मूळ तेलाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास हाती येते. मंगलात पाणी घट्ट करणारी बहुलके सोडून हा हिस्सा वाढवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे.

राहिला प्रश्न दख्खनच्या लाव्ह्याखाली असा वालुकाश्म दडला आहे का, हा. विदर्भात लाव्ह्याच्या कडेला गोंडवन काळातले खडक उघडे आहेत आणि नागपूरजवळच्या कामठीचे नाव त्यांतल्या एका वालुकाश्माला मिळाले आहे. त्यांतून पाणी मिळते. पश्चिमेकडे हाती फारसे लागलेले नाही. कोयनेच्या भूकंपक्षेत्रात रासाटी येथे २०११ साली घेतलेल्या विवरात सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट संपला आणि लगेच ग्रॅनाइट सुरू झाला; मध्ये गाळाचा थर नाही. किल्लारीच्या विवरात ३३८ मीटर बेसाल्टखाली गाळ होता, जेमतेम आठ मीटर. उलट गुजरातेत वडोदऱ्याजवळ पाद्रा येथे तेल चक्क बेसाल्टमधूनच निघते. तिथे ते भेगांमध्ये आहे. वाड्यातल्या आडाची तऱ्हा तिथे मात्र लागू पडते.