वैद्यकीय नियतकालिकांचा संगणकीय संदर्भशोध

विविध विद्वत्‌नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या लेखांच्या नोंदी संगणकात साठवून ठेवतात आणि दूरच्या ठिकाणाहून त्या संगणकाशी प्रत्यक्ष संपर्क साधून हव्या त्या विषयावरील नोंदी मिळवितात. या पद्धतीस ऑनलाइन संदर्भशोध म्हणतात. ज्या संग्रहात हा शोध चालतो, त्यास माहितीसंग्रह अथवा डेटाबेस म्हणतात. अनेक विद्याशाखांत असे संग्रह आहेत. तथापि या पद्धतीची घडण सर्वांत स्पष्टपणे दिसते ती वैद्यकात, कारण तेथील आजचा संग्रह हा सु. दीडशे वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एका छापील सूचीचाच वंशज आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर वॉशिंग्टन येथील सैनिकी वैद्यक खात्याच्या ग्रंथालयाची जबाबदारी जॉन शॉ बिलिंग्झ (१८३८–१९१३) या शल्यचिकित्सकाकडे आली. वैद्यकीय ज्ञान ग्रंथांपेक्षा नियतकालिकांतून अधिक वेगाने वाढत आहे आणि लेखागणिक सूची नसेल, तर ते ज्ञान असून नसल्यासारखेच आहे, हे त्यांनी ओळखले. रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्याने त्यांनी १८७९ मध्ये इंडेक्स मेडिकस ही मासिक सूची सुरू केली. ग्रंथालयातील समग्र संग्रहाच्या सूचीचा पहिला खंड १८८० मध्ये निघाला. जनगणनेच्या आकडेमोडीसाठी छिद्रित पत्रांचे यंत्र बनविणारे हर्मन हॉलरिथ (१८६०–१९२९) यांना अशा यंत्राची कल्पना बिलिंग्झ यांच्याच बोलण्यातून सुचली, असे हॉलरिथ यांनी पुढे सांगितले आहे. सूची आणि यंत्र यांची गाठ पडावयास मात्र आणखी ऐंशी वर्षे लागली.

मधल्या काळात सूचीचे जीवन सुरळीत नव्हते. पैशाअभावी ती १८९९ मध्ये बंद पडली व १९०३ मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या आश्रयाने पुन्हा निघू लागली. १९२७ मध्ये ती अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सूचीत विलीन झाली. १९५६ मध्ये काँग्रेसच्या कायद्याने सैनिकी ग्रंथालयाचे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन (राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय) झाले व १९६० पासून इंडेक्स मेडिकस नव्या मालिकेत निघू लागले.

त्याच वर्षी सिद्ध झालेली विषयशीर्षकांची यादी, म्हणजे ‘मेश’, हा या साऱ्या व्यवस्थेचा कणा होय. एकाच रोगाला एक लेखक ‘थायसिस’ म्हणे, दुसरा ‘कन्झम्प्शन’ आणि तिसरा ‘ट्यूबर्क्युलोसिस’. शब्दावरून शोध घेणाऱ्यास यांपैकी एकच गट सापडणार. म्हणून लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, सूचिकाराने लेख वाचून त्यास ठरलेल्या यादीतील शीर्षके द्यावयाची, असा नियम झाला. शीर्षके वृक्षाच्या शाखांप्रमाणे मांडलेली असतात. त्यामुळे क्षयरोग हे शीर्षक मागितले असता त्याखालील फुप्फुसांचा, मणक्यांचा, लसीका ग्रंथींचा क्षय हेही शोधात ओढले जातात. प्रारंभी शीर्षके चार हजारांहून थोडी अधिक होती. आज ती तीस हजारांवर आहेत. संगणकापेक्षाही या यादीने संदर्भशोधाला अधिक बळ दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

‘मेडलार्स’ ही संगणकीय यंत्रणा १९६४ मध्ये कार्यान्वित झाली. तिचे पहिले काम छपाईचे होते. सूचीचे मजकूर चुंबकीय फितीवरून जुळवून पाने तयार होत. शोध हे त्याचे उपफल होते. वैद्य आपला प्रश्न टपालाने पाठवी, प्रशिक्षित कर्मचारी त्याचे शीर्षकांच्या भाषेत रूपांतर करी, असे अनेक प्रश्न एकत्र करून फिती फिरविल्या जात आणि उत्तर काही आठवड्यांनी हाती येई. प्रश्न चुकीचा मांडला गेला, हे कळावयासही तेवढाच काळ लागे.

हे उत्तर कितपत पुरे असे, याची पद्धतशीर तपासणी एफ्. विल्फ्रिड लँकेस्टर (१९३३–२०१३) यांनी केली. सु. तीनशे प्रत्यक्ष शोध तपासून १९६८ मध्ये त्यांनी दिलेल्या अहवालानुसार, संग्रहात असलेल्या संबद्ध लेखांपैकी सरासरी ५७·७ टक्केच हाती लागत होते आणि हाती लागलेल्यांपैकी ५०·४ टक्केच संबद्ध असत. दोष यंत्राचे नव्हते. लेखाला शीर्षके देताना काही अंग सुटून जाई, शोधाची मांडणी अपुरी असे, किंवा विचारणाऱ्याला जे हवे होते ते त्याच्या मागणीपत्रात उतरलेच नव्हते. या अहवालातील आकडे जुने झाले असले, तरी त्याने शिकविलेला भेद आजही उपयोगी आहे : शोधात काय मिळाले ते दिसते, काय निसटले ते दिसत नाही.

प्रत्यक्ष संपर्काचा प्रयोग १९७० मध्ये झाला. कॅलिफोर्नियातील सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या संगणकावर सु. शंभर नियतकालिकांच्या नोंदी ठेवून दूरमुद्रकावरून त्यांचा शोध घेता येऊ लागला. त्याच्या यशावरून ऑक्टोबर १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ सेवा सुरू झाली. आता प्रश्न विचारणारा उत्तर पाहून तत्क्षणी प्रश्न बदलू शकत होता. जॉर्ज बूल (१८१५–६४) यांच्या तर्कगणितातील ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या संबंधांनी शीर्षके जोडून शोध संकुचित वा विस्तृत करता येई. हृद्‌विकार ‘आणि’ मधुमेह असे म्हटल्यास दोन्ही शीर्षके असलेलेच लेख येत. ‘किंवा’ म्हटल्यास कोणतेही एक असलेले सर्व. १९७५ पासून नोंदींबरोबर लेखांचे सारांशही मिळू लागले. लॉकहीड कंपनीतील रॉजर समिट यांनी उभारलेली ‘डायलॉग’ ही सेवा १९७२ मध्ये व्यापारी तत्त्वावर खुली झाली आणि इतर शास्त्रांतील संग्रहही याच रीतीने उपलब्ध झाले. संपर्कात राहिलेल्या वेळावर आकार पडत असल्याने शोधाची मांडणी आधी कागदावर करीत. बहुधा ग्रंथपालच हे काम करी.

१९८६ मध्ये ‘ग्रेटफुल मेड’ ही वैयक्तिक संगणकासाठीची सुलभ आज्ञावली आली आणि मध्यस्थाची गरज ओसरू लागली. इंटरनेटवरील ‘पबमेड’ जानेवारी १९९६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात निघाले व २६ जून १९९७ पासून ते सर्वांना विनामूल्य झाले. पबमेडमध्ये आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. त्यांपैकी निवडक नियतकालिकांच्या, मेश शीर्षके दिलेल्या नोंदींचा गाभा म्हणजे मेडलाइन. छापील इंडेक्स मेडिकस २००४ अखेर थांबले.

या सुलभतेची दुसरी बाजू २००१ मध्ये पुढे आली. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयीच्या एका प्रयोगासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे देण्यात आले. मे महिन्यात ते घेतलेली चोवीस वर्षांची एक तरुणी फुप्फुसे निकामी होऊन २ जून रोजी मरण पावली. संशोधकाने औषधाच्या सुरक्षिततेसाठी पबमेड पाहिले होते; पण त्यातील नोंदी त्या वेळी १९६६ पर्यंतच मागे जात. १९५० नंतरच्या दशकात हेच औषध रक्तदाबासाठी सर्रास वापरले जाई आणि त्याने फुप्फुसांना इजा झाल्याचे लेख तेव्हाच प्रसिद्ध झाले होते. जुन्या छापील खंडांत शोध घेण्याची वाट खुली होती. जुलैमध्ये केंद्र शासनाच्या यंत्रणेने तेथील, शासकीय निधीवर चालणारे, मानवांवरील संशोधन काही दिवस थांबविले. मृत्यूचे खापर केवळ शोधावर फोडणे योग्य नाही. औषधास या वापरासाठी मान्यता नव्हती आणि देखरेखीतही उणिवा आढळल्या. पण संग्रहाची सीमा हीच ज्ञानाची सीमा समजली गेली, ही गोष्ट मात्र नाकारता येत नाही.

जुन्या छापील सूचींच्या नोंदी संग्रहात घालण्याचे काम १९९६ मध्येच सुरू झाले होते. ते पुढे १९४६ पर्यंत मागे नेण्यात आले. या जुन्या नोंदींना सारांश नाहीत व त्यांची शीर्षके त्या त्या काळातील होती; ती आजच्या शीर्षकांशी क्रमाक्रमाने जुळवावी लागली. म्हणून जुने वाङ्‌मय शोधताना जुन्या संज्ञाही वापरून पाहाव्या लागतात.

भारतीय वाङ्‌मयाच्या बाबतीत ही सीमा विशेष जाणवते. सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी मुंबईचे रुस्तुम जाल वकील यांचा १९४९ मधील निबंध ब्रिटिश हार्ट जर्नल मध्ये आला. तो पबमेडमध्ये सहज सापडतो. परंतु त्याच वनस्पतीवरचा सेन व बोस यांचा १९३१ मधील लेख इंडियन मेडिकल वर्ल्ड मध्ये आला होता आणि तो मेडलाइनच्या कालमर्यादेबाहेरच राहतो. कलकत्त्याच्या इंडियन मेडिकल गॅझेट चे (१८६६–१९५५) अंक पुढे ‘पबमेड सेंट्रल’ या २००० मध्ये सुरू झालेल्या पूर्ण लेखांच्या संग्रहात चित्रित झाल्यामुळे वाचले. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून १९५५ पासून निघणारे जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन मेडलाइनमध्ये आहे. निवडीतून वगळल्या गेलेल्या भारतीय नियतकालिकांसाठी भारतीय वैद्यक अनुसंधान परिषद व राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र यांनी १९८६ मध्ये नवी दिल्ली येथे स्थापिलेल्या केंद्राने ‘इंडमेड’ हा संग्रह उभारला. स्थानिक आजारांवरचे बरेचसे निरीक्षण अशाच नियतकालिकांत येत असल्याने या प्रयत्नाचे मोल अधिक होते.

अलीकडे दोन बदल झाले आहेत. पबमेडमध्ये २०२० पासून नोंदी कालक्रमाऐवजी अनुरूपतेच्या अंदाजाने लावून दाखविल्या जातात. वाचक पहिल्या पानावरच थांबण्याचा संभव त्यामुळे वाढतो. तसेच २०२२ पासून लेखांना शीर्षके देण्याचे काम आज्ञावलीच करते आणि सूचिकार त्यांतील निवडक नोंदी तपासतो. लेख प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांनी मिळणारे शीर्षक आता दुसऱ्या दिवशीही मिळू शकते. परंतु नवीन संकल्पना मांडणाऱ्या, रूढ शब्द टाळणाऱ्या लेखाची गत काय होते, हे लँकेस्टर यांच्यासारख्या तपासणीविना सांगता येणार नाही.