लांब धडासाठी पॅटर्नमधील बदल

मानेच्या बुडाशी बोटाला लागणाऱ्या मणक्यापासून कमरेपर्यंतचे अंतर प्रमाणित मापापेक्षा अधिक असलेल्या बांध्यासाठी, कापड बेतण्यापूर्वी कागदी पॅटर्नमध्ये केला जाणारा फेरफार. एकूण उंचीशी त्याचा थेट संबंध नाही. मध्यम उंचीच्या, परंतु पायांच्या मानाने धड लांब असलेल्या व्यक्तीलाही तो आवश्यक ठरतो. एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये अमेरिकेत निरनिराळ्या मापांचे कागदी पॅटर्न विक्रीस आणले. मात्र असा तयार पॅटर्न एका गृहीत बांध्यावर आखलेला असतो, त्यामुळे छाती आणि घेर बरोबर जुळूनही कपड्याची कंबर बरगड्यांवर चढलेली दिसते.

साडीला हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण ती कमरेला हवी तेथे खोचता येते आणि ब्लाऊज कमरेच्या बराच वर संपतो. कमरेत बसता कुर्ता, फ्रॉक किंवा अनारकली शिवताना मात्र तो टळत नाही.

कमरेला नाडी बांधून कुशीवर वाकले असता ती स्वाभाविक जागी टेकते. तेथपर्यंत मागून मणक्यापासून आणि पुढून खांद्यापासून माप घेतात. छातीच्या उंचवट्यापर्यंतचे माप वेगळे नोंदणे अगत्याचे असते, कारण वाढीव लांबी नेमकी कोठे आहे हे त्यावरूनच कळते. ती छातीखाली असल्यास मुंढा (बाहीसाठी ठेवलेली वळणदार जागा) आणि कंबर यांच्या मध्ये, उभ्या धाग्याच्या रेषेशी काटकोनात पॅटर्न कापून, फटीत समजा दीड इंचाची कागदी पट्टी चिकटवतात. पुढचा भाग, पाठ आणि अस्तर यांत ही वाढ सारखीच द्यावी लागते, तसेच बाजूची शिलाई आणि टक्स यांच्या तुटलेल्या रेषा नव्याने जोडाव्या लागतात. लांबी छातीच्या वर असल्यास मुंढ्यातच पट्टी घालावी लागते व त्या प्रमाणात बाहीचा गोलाईचा माथाही वाढवावा लागतो. नवशिके हेच हटकून विसरतात. तळाशी कापड जोडल्याने कपडा लांब होतो, कंबर मात्र होती तेथेच राहते.

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावसारख्या विणकरांच्या गावातील टसरवर काम करताना हा फेरफार कागदावरच संपवणे शहाणपणाचे, कारण उसवलेल्या टाक्यांची भोके रेशमावर दिसत राहतात आणि कापलेल्या कडेचे धागे सुटत असल्याने शिलाईसाठी कापड थोडे अधिकच सोडावे लागते. विदर्भातील करवती साडीचा, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी तीन धोट्यांनी काठात गुंफलेल्या साडीचा कुर्ता बेतताना आणखी एक अडचण उभी राहते. काठ तळाशी हवा असेल तर कुर्त्याची लांबी साडीच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीतच बसवावी लागते. पन्हा वाढवता येत नसल्यामुळे, तो आधीच पुरेपूर वापरला गेला असेल तर कमरेच्या वर घातलेला दीड इंच खालून कमी करणे भाग पडते. तो तळाच्या कडेला कापल्यास काठच जाईल, म्हणून पॅटर्न नितंबरेषेच्या खाली दुमडून कमी करतात. चिरा मात्र नितंबरेषेच्या हिशेबाने पुन्हा आखावा लागतो.