खेळाची वर्गणी

मासिक चालविणाऱ्यास वर्गणीदाराचें माहात्म्य निराळें सांगावयास नको. वर्षारंभीं येणाऱ्या वर्गणीच्या भरंवशावर कागदाची व छपाईची तरतूद होते, आणि प्रत्येक अंक बाजारांत स्वतःच्या पायांवर विकला गेलाच पाहिजे असें बंधन राहत नाहीं. परंतु त्याच वर्गणीमुळें संपादकास कांहीं लेख छापावेसे वाटतात आणि कांहीं वाटत नाहींत, हेंहि तितकेंच खरें. पैसा कोणत्या वाटेनें येतो यावर कृतीचें स्वरूप पुष्कळ अंशीं ठरतें, हा वाङ्मयाचा जुना अनुभव आहे. आणि गेल्या कांहीं वर्षांत तोच व्हिडिओ गेम्सच्या धंद्यास येऊं लागला आहे. या खेळांस पोरखेळ म्हणून बाजूस सारण्याची आम्हां प्राध्यापक मंडळींस संवय आहे. तथापि ज्या धंद्यांतील ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही एक कंपनी विकत घेण्यासाठीं मायक्रोसॉफ्टनें सुमारें ६९ अब्ज डॉलरांचा व्यवहार २०२३ सालीं पुरा केला, त्या धंद्याचा इतिहास अभ्यासकानें वर्ज्य मानावा असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रथम थोडें मागें जाऊं. लंडन येथें चार्ल्स एडवर्ड म्यूडी यानें १८४२ सालीं वर्गणी घेऊन पुस्तकें वाचावयास देण्यास आरंभ केला. वर्षाची वर्गणी एक गिनी. तेवढ्यावर एका वेळीं एक खंड नेतां येई, आणि तो कितीहि वेळां बदलून घेतां येई. त्या काळीं नवी कादंबरी तीन खंडांत निघे व तिची किंमत दीड गिनी असे. म्हणजे एक कादंबरी विकत घेण्यापेक्षां वर्षभर वाटेल तितक्या वाचणें स्वस्त पडे. प्रकाशकास ठोक गिऱ्हाईक मिळे, आणि म्यूडीस एकाच कादंबरीचे तीन खंड तीन घरीं एकाच वेळीं धाडतां येत. या पद्धतीनें अनिष्टच झालें असें कोणी म्हणूं नये. डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ सालीं निघतांच म्यूडीनें त्याच्या ५०० प्रती उचलल्या, व एरवीं तो ग्रंथ ज्या घरांत कधींहि गेला नसता तेथें तो गेला. परंतु दोन खंडांपुरता मजकूर ओढून ताणून तीन खंडांत बसविण्याची विद्याहि कादंबरीकार याच काळांत शिकले. आणि कोणतें पुस्तक घरंदाज वाचकांस योग्य, हें ठरविण्याचा अधिकार एका दुकानदाराच्या हातीं गेला. जॉर्ज मूर याची १८८३ सालची कादंबरी दोन स्त्रियांनीं खेड्यांतून तक्रार केल्यामुळें म्यूडीनें फिरविली नाहीं; तेव्हां मूरनें पुढची कादंबरी एका स्वस्त खंडांत काढून, १८८५ सालीं म्यूडीवर एक जळजळीत पुस्तिकाच लिहिली. पुढें वाचनालयासच तीन खंडांचा भार सोसेना. १८९४ सालीं म्यूडी व स्मिथ या दोन बड्या वाचनालयांनीं खंडामागें चार शिलिंगांहून अधिक देणार नाहीं असें प्रकाशकांस कळविलें, आणि तीन-चार वर्षांत तीन खंडी कादंबरी जवळजवळ नाहींशी झाली. जिनें तो प्रकार पोसला, तिनेंच त्याचा गळा घोटला.

आतां खेळांकडे वळूं. व्हिडिओ गेम प्रथम नाण्यावर जगला. १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' सारख्या यंत्रांत नाणें टाकावयाचें, आणि खेळणारा कांहीं मिनिटांत हरून पुन्हां नाणें टाकील अशी रचना कर्त्यांनीं करावयाची. पुढें खेळ काडतुसांत भरून घरीं येऊं लागला, तेव्हां किंमत एकदाच मिळूं लागली. साहजिकच खेळ लांबला, त्यांत कथा आली, मध्येंच थांबून दुसऱ्या दिवशीं पुढें चालविण्याची सोय आली. काडतूस म्हटलें कीं भाड्याचें दुकान आलेंच. जपाननें १९८४ सालीं कायद्यानें भाड्यास आळा घातला. अमेरिकेंत १९९० च्या कायद्यानें संगणकाचे प्रोग्रॅम भाड्यानें देणें बंद झालें, पण काडतुसांस त्यांतून सूट मिळाली. तत्पूर्वीं, १९८९ सालीं, निन्टेंडोनें ब्लॉकबस्टरवर दावा लावला होता, तो खेळ भाड्यानें दिल्याबद्दल नव्हे, तर सोबतच्या माहितीपुस्तिकेच्या झेरॉक्स प्रती काढल्याबद्दल! आमच्याकडे या काडतुसास कॅसेट म्हणत. आमचे धाकटे बंधु कॉलेजांत असतांना कोपऱ्यावरच्या दुकानांतून शनिवारीं रात्रीं कॅसेट आणीत आणि सोमवारीं सकाळीं परत करीत. मधला रविवार घरांत कोणास दूरदर्शन पाहावयास मिळत नसे.

वर्गणीची कल्पनाहि वाटते तितकी नवी नाहीं. १९८१ च्या सुमारास मॅटेलच्या यंत्रासाठीं 'प्लेकेबल' नांवाची व्यवस्था अमेरिकेंतील कांहीं शहरांत केबलवरून खेळ पुरवीत असे. परंतु खेळ मोठे होत गेले, जोडयंत्राची स्मृति तोकडी पडली, आणि १९८३ सालीं ती बंद पडली. १९९४ च्या डिसेंबरांत सेगानें हाच प्रयोग अधिक ऐटींत केला. महिना सुमारें १५ डॉलर दिले कीं केबलच्या तारेंतून पन्नासपर्यंत खेळ मिळत, व ते दरमहा बदलत. यंत्र बंद केलें कीं उतरवून घेतलेला खेळ पुसला जाई. वर्गणीदारांची संख्या अडीच लाखांच्या पलीकडे गेली नाहीं, आणि १९९८ सालीं तारेंतून खेळ यावयाचे थांबले. 'मेगा मॅन' मालिकेंतील 'द वायली वॉर्स' हा खेळ अमेरिकेंत केवळ याच मार्गानें मिळत असे. ज्यांनीं त्यासाठीं वर्षभर पैसे भरले त्यांच्या हातीं शेवटीं काडतूसहि राहिलें नाहीं व खेळहि राहिला नाहीं.

खरें परिवर्तन झालें तें मायक्रोसॉफ्टच्या 'गेम पास' नें. जून २०१७ मध्यें महिना १० डॉलरांस शंभरावर खेळ, अशी ही योजना निघाली. आरंभीं त्यांत जुने खेळच असत, व जुन्या मालाच्या अशा वखारीस कोणी भ्यालें नाहीं. जानेवारी २०१८ मध्यें मात्र कंपनीनें जाहीर केलें कीं, तिचे स्वतःचे नवे खेळ विक्रीस येतील त्याच दिवशीं वर्गणीदारांसहि मिळतील. एका नव्या खेळाची किंमत तेव्हां ६० डॉलर. म्हणजे म्यूडीचीच गिनी आणि दीड गिनी! सोनीनें या वाटेनें जाण्याचें टाळलें. तिनें २०२२ सालीं आपली वर्गणी नव्यानें बांधली, तरी स्वतःचे मोठे खेळ पहिल्या दिवशीं त्यांत घातले नाहींत. गेम पासचे वर्गणीदार जानेवारी २०२२ मध्यें अडीच कोटी व फेब्रुवारी २०२४ मध्यें ३ कोटी ४० लक्ष असे आंकडे प्रसिद्ध झाले. परंतु दुसऱ्या आंकड्यांत एका जुन्या योजनेचे सभासद नांव बदलून आलेले आहेत, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. वर्गणीनें विक्री बुडत नाहीं, उलट वाढते, असें कंपनीचे अधिकारी पूर्वीं सांगत असत. ब्रिटिश स्पर्धा-नियामकांपुढें मात्र, खेळ वर्गणींत घातल्यावर पुढील बारा महिन्यांत त्याची मूळ विक्री घटते असें तिच्याच अंतर्गत तपासांत दिसलें, हें फेब्रुवारी २०२३ मध्यें बाहेर आलें. घट शेंकडा किती, तो आंकडा छापील अहवालांत झांकलेला आहे.

या पद्धतीचा गुण आम्हांस एका खेळानें पटविला. 'पेंटिमेंट' हा २०२२ सालचा खेळ सोळाव्या शतकांतील बव्हेरियांत घडतो. मठाच्या लेखनशाळेंत काम करणारा एक चित्रकार, तेथें झालेला खून, आणि हातानें पोथ्या उतरविण्याची कला छापखान्यापुढें मावळत असतांनाचा तो काळ. पात्रांचें बोलणें ज्याच्या त्याच्या दर्जास शोभेल अशा वळणाच्या अक्षरांत उमटतें. कोणी पोथीच्या, कोणी शेतकऱ्याच्या, तर कोणी छापखान्याच्या. इतिहासाच्या वर्गांत आम्हीं जें वर्षानुवर्षें घसा कोरडा करून सांगितलें, तें येथें भाच्याच्या शेजारीं बसून दोन संध्याकाळांत पाहिलें. गेम पास नसता तर असा खेळ निघालाच नसता, असें त्याचे दिग्दर्शक जॉश सॉयर यांनींच सांगितलें आहे. बाजारांत ज्याचे ग्राहक मोजके, अशा कृतीस वर्गणी आश्रय देते, हें म्यूडी आणि डार्विन यांच्याप्रमाणेंच येथेंहि खरें.

परंतु आश्रयदात्याचें मन फिरलें म्हणजे काय होतें? टोकियोच्या टँगो गेमवर्क्सनें 'हाय-फाय रश' हा खेळ जानेवारी २०२३ मध्यें कोणताहि गाजावाजा न करितां प्रसिद्ध केला. तो उदंड खेळला गेला. सर्व कसोट्यांस तो उतरला असें मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्यानें जाहीरपणें सांगितलें. एप्रिल २०२४ मध्यें त्यास बाफ्टाचें पारितोषिक मिळालें. आणि पुढच्याच महिन्यांत ती कार्यशाळा बंद करण्याचा हुकूम सुटला. सुदैवानें ऑगस्टमध्यें कोरियाच्या क्राफ्टन कंपनीनें ती घेतली. आमच्या मतें येथेंच या पद्धतीचें वर्म आहे. प्रत सुटी विकली जाते तेव्हां कर्त्यास आपल्या यशाचा हिशेब मांडतां येतो. वर्गणींत कोणत्या खेळानें किती पैसा आणला हें तिजोरीच्या किल्ल्या बाळगणाराच ठरवितो. ॲपलनें २०१९ सालीं काढलेल्या 'आर्केड' योजनेंत २०२० मध्यें कांहीं करार रद्द झाले, व वर्गणीदारास अधिक काळ गुंतवून ठेवणारे खेळ हवेत असें कर्त्यांस सांगण्यांत आलें, अशी बातमी ब्लूमबर्गनें दिली होती. तीन खंडांची आठवण न होतां राहत नाहीं. वर्गणीदाराचीहि सुटका नाहीं: गेम पासच्या वरच्या वर्गाची वर्गणी २०१९ मध्यें १५ डॉलर होती, ती वाढत वाढत ऑक्टोबर २०२५ मध्यें ३० डॉलर झाली.

मालकीची संवयच आतां सुटत चालली आहे. कॅलिफोर्नियांत जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे कीं, विकला जातो तो केवळ वापरण्याचा परवाना असेल, तर विक्रेत्यानें तसें गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावें. म्यूडीचें वाचनालय १९३७ सालीं बंद झालें. त्याची चिठ्ठी लावलेले खंड इंग्लंडांतील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अद्याप मिळतात, कारण वाचून झालेल्या प्रती तो विकून टाकीत असे. आमच्या बंधूंनीं भाड्यास कंटाळून एकदां एक कॅसेट विकत घेतली होती. गेल्या दिवाळींत माळा झाडतांना ती सांपडली. भाच्यानें फुंकर मारून धूळ उडविली, जुन्या यंत्रांत ती बसविली, आणि दुसऱ्या खेपेस ती लागली.