पुस्तक उघडे ठेवून दिलेली परीक्षा

आठवीची वार्षिक परीक्षा. विषय विज्ञान. मुले वर्गात शिरतात तेव्हा त्यांच्या हातात पाठ्यपुस्तक असते आणि वर्षभर लिहिलेली प्रयोगवहीसुद्धा. दारात कुणी त्यांच्या पिशव्या तपासत नाही. पेपर सुटला की मुले पुस्तक उघडतात, वही चाळतात, डोके खाजवतात, आणि लिहू लागतात. एवढ्यावर भागत नाही. लेखी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा असते.

ही गोष्ट कुठल्या परदेशी शाळेतली नाही, की महागड्या निवासी विद्यालयातली नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या साध्या सरकारी शाळांत पाव शतकाहून अधिक काळ विज्ञानाची परीक्षा अशी होत होती. होशंगाबाद म्हटल्यावर पटकन लक्षात येणार नाही. पण मुंबईहून अलाहाबादच्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाने इटारसी स्टेशनवर चहा घेतलेला असतो. ते इटारसी याच जिल्ह्यातले. २०२२ पासून होशंगाबादचे नाव नर्मदापुरम झाले आहे. आपण आज जुन्याच नावाने बोलू, कारण शिक्षणाच्या इतिहासात ते नाव या एका कार्यक्रमाला कायमचे चिकटले आहे.

या कथेचे एक टोक आपल्या मुंबईत आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनिल सद्गोपाल नावाचे तरुण रेण्वीय जीवशास्त्रज्ञ होते. अमेरिकेत शिकून आलेले. १९७१ च्या सुमारास त्यांनी ती नोकरी सोडली आणि इटारसी-जबलपूर मार्गावरच्या बनखेडीजवळ ‘किशोर भारती’ ही संस्था उभी केली. होशंगाबाद शहराला लागून असलेल्या रसूलियात क्वेकर पंथीयांचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ आधीपासून काम करत होते. या दोन संस्थांनी राज्य सरकारकडे एक परवानगी मागितली : सहावी ते आठवीच्या मुलांना विज्ञान आम्ही वेगळ्या रीतीने शिकवून बघू का? सरकारने होकार दिला आणि १९७२ मध्ये सोळा शाळांत काम सुरू झाले. पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक त्यात आले. टाटा संस्थेतले शास्त्रज्ञही येत राहिले. १९७८ मध्ये कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात पसरला, आणि १९८२ मध्ये तो सांभाळण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था निघाली. नाव बघा कसे निवडले आहे! गुरूंनी दार लावून घेतल्यावर स्वतःच्या स्वतः शिकलेला तो मुलगा.

वेगळी रीत म्हणजे काय, ते एका धड्यावरून सांगतो. ‘जड़ और पत्ती’, म्हणजे मूळ आणि पान. आपल्या शाळेत हे आपण कसे शिकलो? सोटमुळाच्या वनस्पतींच्या पानांवर शिरांचे जाळे असते, तंतुमुळे असलेल्यांच्या पानांवर शिरा समांतर असतात. दोन वाक्ये. पाठ केली, लिहिली, मार्क मिळाले. होशंगाबादच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात ही दोन वाक्ये नव्हतीच. मुलांनी शाळेबाहेर पडायचे, शेताच्या बांधावरून, नाल्याच्या काठावरून तण उपटून आणायचे. एकेका रोपट्याचे मूळ बघायचे, पान उजेडात धरून बघायचे, आणि जे दिसले ते तक्त्यात मांडायचे. गवत, हरभरा, मका, काय सापडेल ते. दहा-पंधरा ओळी भरल्या की तक्ताच बोलू लागतो. कुणीतरी मूल ओरडते, की जाळे तिथे सोटमूळ! मग पुढची पायरी : समोरचा पिंपळ काही उपटता येणार नाही, पण पानावरून त्याचे मूळ कसे असेल ते सांगता येईल का?

चार-चार मुलांच्या टोळ्या करून हे काम चाले. निष्कर्ष पुस्तकात छापलेला नसल्यामुळे तो वहीत मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहायचा. म्हणजे पुस्तकात प्रश्न आणि वहीत उत्तरे. परीक्षेत वही उघडू दिली, यात उदारपणा नव्हता, साधा हिशेब होता. ती वही त्या मुलाचेच काम होते. आणि प्रश्नच असे काढलेले असत, की वहीतून उतरवून भागू नये. न पाहिलेल्या पानाचा, न केलेल्या मोजमापाचा तक्ता समोर ठेवून त्यातून काय निघते ते विचारायचे. मुलांनी स्वतः शिकावे असे आपण सगळेच म्हणतो. शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रत्येक भाषणात ते असते. पण मार्च-एप्रिलमध्ये जर व्याख्याच विचारणार असू, तर जूनपासून मूल व्याख्याच पाठ करणार. मूल व्यवहारी असते. होशंगाबादच्या मंडळींनी पुस्तक बदलले तसे परीक्षेलाही हात घातला, हे मला त्यांच्या कामातले सर्वांत धाडसाचे वाटते.

आता गुरुजींचे काय? सरकारी शाळेतले शिक्षक, त्यातले कितीतरी जण स्वतः विज्ञान शिकलेले नाहीत. त्यांच्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रशिक्षण असे आणि तिथे व्याख्याने कमी, प्रयोग फार. जे मुलांनी करायचे, ते सारे आधी शिक्षकांनी करायचे. तशाच टोळ्या करून, तशाच चुका करत. नंतर दर महिन्याला बैठक. तिथे शिक्षक सांगत, अमका प्रयोग वर्गात जमत नाही, तमका प्रश्न मुलांना कळत नाही. त्यावरून पुस्तके बदलली गेली. दिल्लीच्या प्राध्यापकाने लिहिलेला धडा खेड्यातल्या शिक्षकाच्या तक्रारीवरून बदलायचा, हे आपल्याकडे रोज घडत नाही. फुलांचे भाग सुटे करायला सुई लागे; तिच्या जागी बाभळीचा काटा आला. फुकट, टोकदार आणि शाळेच्या कुंपणावरच मिळणारा.

तरीही मुले असे काही विचारत, की शिक्षक अडत. त्यासाठी एक पात्र तयार केले : सवालीराम. कुठलाही प्रश्न पडला की मुलांनी सवालीरामला पत्र लिहायचे. हा माणूस अस्तित्वातच नव्हता. पण त्याच्या नावाने हजारो पत्रे आली आणि उत्तरे लिहिणारे लोक मागे बसलेले होते. आमच्या वर्गात ‘जास्त शहाणपणा करू नकोस’ हे उत्तर बहुतेक प्रश्नांना पुरत असे, म्हणून मला या सवालीरामचे फार अप्रूप वाटते.

१९७८ मध्ये इथे आणखी एक पाहुणा आला. पुण्याच्या टेल्को कारखान्यातले इंजिनिअर अरविंद गुप्ता. वर्षभराची रजा घेऊन निघालेले. इथल्या दिवसांत सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन असे आकार बनवायला सुरुवात केली. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र कलंडतो, हे मुलाला बोटांनीच कळते. पुढे हेच अरविंद गुप्ता पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात काम करू लागले आणि टाकाऊ वस्तूंतून त्यांनी बनवलेली खेळणी महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत पोचली. आपल्या मुलाने घरी आगकाड्यांचा घन करून आणला असेल, तर त्याचे मूळ होशंगाबादेत आहे. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या नियतकालिकाच्या प्रेरणेने पुण्यातून ‘शैक्षणिक संदर्भ’ निघाले, तो आणखी एक धागा.

एवढे सगळे असताना २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो पंधरा जिल्ह्यांतल्या शाळांत गेला होता. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी, शिक्षणतज्ज्ञांनी निषेध केला, उपयोग झाला नाही. विरोधकांचे म्हणणे असे, की बाकीच्या राज्यात एक पुस्तक आणि आमच्याच मुलांवर प्रयोग का? नववीत गेल्यावर ही मुले मागे पडतात, दहावीच्या निकालावर परिणाम होतो.

या आक्षेपात राजकारण होते, हे खरे. पण पालकांची काळजी निव्वळ राजकारण म्हणून उडवून देणे मला पटत नाही. विचार करा, तीन वर्षे मूल आपल्या डोळ्यांनी बघून, आपल्या शब्दांत लिहायला शिकले. नववीत त्याच्यासमोर पुन्हा व्याख्यांचे पुस्तक आले आणि दहावीला बोर्डाची बंद पुस्तकाची परीक्षा. ज्या बापाने शेत सांभाळून मुलाला शिकवले, त्याच्या दृष्टीने दहावीचा निकाल म्हणजे नोकरीचा दरवाजा. तो दरवाजा ज्या किल्लीने उघडतो, तीच किल्ली मुलाच्या हातात नाही, असे त्याला वाटले तर दोष कुणाचा? सहावी ते आठवी बदलली, नववी-दहावी तशीच राहिली. ती बदलणे या मंडळींच्या हातात नव्हते. ज्यांच्या हातात होते त्यांनी वरचे वर्ग बदलण्याऐवजी खालचे पूर्ववत केले. तो मार्ग सोपा होता.

पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा झाला. त्या समितीचे अध्यक्ष प्राध्यापक यश पाल होते, टाटा संस्थेतलेच. त्यानंतरच्या पुस्तकांत ‘करून पाहा’च्या चौकटी वाढल्या. परीक्षा फारशी हलली नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१४ मध्ये नववी आणि अकरावीसाठी उघड्या मजकुरावरच्या प्रश्नांचा प्रयोग केला. तो मजकूर शाळांना आधीच दिलेला असे. काही वर्षांत तो मागे घेतला. २०२५ मध्ये त्याच मंडळाने नववीला पुस्तक उघडून परीक्षा देण्याची कल्पना पुन्हा मंजूर केली आहे, २०२६-२७ या वर्षापासून. बातमी आली तेव्हा कॉपीला आता परवानाच मिळाला, अशी थट्टाही झाली. मला मात्र त्या प्रश्नपत्रिकांची उत्सुकता आहे. पिंपळाच्या मुळाचा प्रश्न त्यात असेल, की पिंपळाच्या व्याख्येचा?